गाडी किती लांब जाऊन थांबते

रेखाचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून तिथेच स्टुलावर बसले होते. दूध तापेपर्यंत उभं राहणं हल्ली जमत नाही. सकाळचे सव्वासात वाजले असतील. "मावशी, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. पुंडलिकराव पहाटे झोपेतच गेले होते. शहात्तर वर्षांचे होते. मी "बरं" म्हणाले. त्या "बरं"ची मला नंतर दिवसभर लाज वाटत राहिली. पण गेल्या तीन-चार वर्षांत असे फोन इतके आलेत, की रडू येण्याआधी थकवाच येतो. आता साडी बदलायची, औषधांची पिशवी भरायची, गाडी पकडायला बडनेऱ्याच्या स्टेशनाला जाणारी रिक्षा शोधायची, असा हिशेब डोक्यात सुरू झाला आणि रेखानेच तो थांबवला. "तुमी आज येऊ नका. नवालाच नेऊन राहिलो आमी. तुमाले नाही पोचता येनार." ती अकोल्यात, मी अमरावतीत. मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले. त्याला आता पाच आठवडे झाले.

पुंडलिकराव माझे कोण, हे सांगायला मला नेहमीच दोन वाक्यं जास्त लागायची. ते अकोल्याहून निघणाऱ्या छोट्या लाइनीवर वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर होते. मी तेव्हा अकोल्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते, एकटी राहत होते, आणि आम्ही काही मंडळींनी एक चित्रपट मंडळ चालवलं होतं. मंडळ म्हणजे तीस-पस्तीस माणसं, एका शाळेचा ड्रॉइंग हॉल, खिडक्यांवर काळ्या चादरी आणि भाड्याचा प्रोजेक्टर. महिन्यातून दोन रविवारी सकाळी आम्ही जुने सिनेमे पाहायचो आणि नंतर चहा पीत त्यांच्यावर बोलायचो. रिळं मुंबईहून गाडीने यायची, पत्र्याच्या चौकोनी पेट्यांमध्ये. माझी खोली स्टेशनजवळ असल्यामुळे ती सोडवून आणणं माझ्याकडे होतं. एका शनिवारी दुपारी पार्सल ऑफिसच्या दारात मी दोन पेट्या घेऊन उभी होते आणि रिक्षा मिळत नव्हती. तेलकट निळ्या कपड्यांतला, डोक्याला रुमाल बांधलेला एक उंच माणूस ड्युटी संपवून समोरून चालला होता. त्याने न विचारता एक पेटी उचलली आणि वजनाने थबकला.

"यात काय हाय जी? लोखंड?"

"सिनेमा," मी म्हणाले.

त्याने पेटी पुन्हा खाली ठेवली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "सिनेमा इतका जड रायते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस धुतलेला पांढरा शर्ट घालून हॉलमध्ये आला आणि शेवटच्या रांगेत दाराशी बसला. ड्युटीचं बोलावणं आलं तर कोणाला त्रास न देता उठून जाता यावं म्हणून. पुढची कितीतरी वर्षं ती त्यांची जागा होती.

पुंडलिकराव मूळचे तिवसा भागातले. घरी बागायत होती, वांगी, मेथी, अंबाडी, झेंडू. भाऊ शेती पाहायचे आणि हे शाळा सोडून रेल्वेत इंजिनं धुवायला लागले होते. तिथून कोळसा टाकणारे झाले, मग ड्रायव्हर. सिनेमे त्यांनी पूर्वीही पाहिले होते, पण सिनेमा संपल्यावर माणसं बसून त्याच्यावर बोलतात, हे त्यांना नवीन होतं. पहिले दोन-तीन रविवार ते गप्प होते. मग एकदा आमच्यातले एक वकील छायाप्रकाशावर बोलून झाल्यावर शेवटच्या रांगेतून हात वर आला.

"मॅडम, गाडी निघाली तवा जे इंजिन होतं, पोचली तवा ते नव्हतं."

सगळे हसले. त्यांनी गंमत केली नव्हती. "मधात कुठी बदललं असंन म्हना. पन पोरगी तीच, तिची पेटी तीच. इंजिनच काहून बदललं?" मी म्हणाले, दिग्दर्शकाच्या लक्षात आलं नसेल. "हो," ते म्हणाले, "त्याचं ध्यान पोरीकडे असंन." आणि यावर ते स्वतःच पहिल्यांदा हसले.

मग ती सवयच झाली. गाडी असलेला सिनेमा लावला, की चर्चेत शेवटी पुंडलिकराव बोलणार. चढावर असा पांढरा धूर निघत नाही. फलाट सोडताना इतकी लांब शिट्टी कोणी वाजवत नाही. नायक धावत येऊन डब्याचा दांडा धरतो तेव्हा गार्डचं लक्ष कुठे असतं? पण चुका काढण्यात त्यांना फारसा रस नव्हता. एकदा हॉलला कुलूप लावताना ते म्हणाले, "सिनेमातल्या गाडीले ड्रायव्हरच नसते, मॅडम. धूर दाखवते, चाकं दाखवते. शिट्टी वाजते. शिट्टी वाजवनारा हात काई दाखवत नाही." मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं आणि पुढे वर्गात माझंच असल्यासारखं वापरलं.

मला तेव्हा प्रतीकांचं वेड होतं. चाळिशीही झाली नव्हती, खूप वाचलं होतं, आणि पडद्यावर जे दिसतं त्याच्यामागे दुसरं काहीतरी आहे हे समोरच्याला दाखवून देण्यात एक सुख होतं. जुन्या सिनेमांत गाडी किती ठिकाणी येते आणि दरवेळी काय काय होऊन येते, यावर मी चार रविवारांची व्याख्यानं ठरवली. पहिल्या रविवारी गावात शिरणारी गाडी... रुळांच्या दोन रेघांवरून बाहेरचं जग येतं आणि गाव पुन्हा पूर्वीसारखं राहत नाही. दुसऱ्या रविवारी फलाट. निरोप घेणाऱ्याची खिडकी हळूहळू सरकते आणि आपल्याला कळतं, की माणूस तोच असला तरी आता तो आपला राहिलेला नाही. फलाटावर राहिलेल्या बाईवर कॅमेरा किती वेळ थांबतो, यावरून दिग्दर्शकाला बायका किती कळतात ते ओळखावं, असं मी म्हणाले होते. पुंडलिकरावांना हे फार आवडलं. "आमाले इंजिनातून फलाट दिसत नाही ना मागचा," ते म्हणाले. "आमी निघून जातो. मागं कोन रडून राहिलं, आमाले काय मालूम."

तिसरा रविवार मृत्यूचा होता.

त्या दिवशी दाखवलेल्या सिनेमात एक संसारात कोंडलेली बाई शेवटी रुळांकडे चालत जाते. पुढचं दाखवत नाहीत. फक्त चाकं, वाफ, आणि मग रिकामी वाट. मी त्यावर बोलत होते आणि चांगलं बोलत होते, हे मला जाणवत होतं. मी म्हणाले, दिग्दर्शकाने तिचा चेहरा दाखवला नाही आणि गाडीला तर चेहरा नसतोच. ही गाडी म्हणजे नियती. तिला कोणी चालवत नाही. ती कोणासाठी थांबत नाही.

शेवटच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पुंडलिकराव उभे होते.

"थांबते," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "गाडी थांबत नाही म्हंता तुमी. थांबते जी. ब्रेक टाकला का थांबतेच ते. किती लांब जाऊन थांबते, ते कोनी दाखवत नाही सिनेमात."

आणि ते दार उघडून निघून गेले. काळी चादर हलली, बाहेरचं ऊन पडद्यावर आलं. दोघं-तिघं हसले. मी विस्कटलेलं व्याख्यान कसंबसं पूर्ण केलं आणि खरं सांगते, मला त्यांचा राग आला होता. चार महिने तयारी केली होती मी. या माणसाला जरा जागा दिली तर आता मध्येच उठून बोलायला लागला, असं माझ्या मनात आलं होतं. हे आज लिहिताना हात जड होतो, पण तेव्हा ते आलं होतं.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. त्यानंतर एका संध्याकाळी त्यांच्या पत्नी, सुमनताई, माझ्या खोलीवर आल्या. त्यांना मी याआधी एकदाच पाहिलं होतं. पाणीही न घेता त्या दारातच बोलायला लागल्या. "मॅडम, तुमी रागावू नका त्याईच्यावर. ते जेवत बी नाही धड." मग त्यांनी सांगितलं. माझ्या व्याख्यानाच्या दीड महिना आधी, छोट्या लाइनीवरच्या एका वळणावर, पुंडलिकरावांच्या इंजिनासमोर एक बाई आली होती. गवत कापून घरी चालली होती, असं गावातले म्हणत होते. गाडी थांबली ती बरीच पुढे जाऊन. गार्ड आणि फायरमन उतरून मागे चालत गेले. पुंडलिकरावांना इंजिनातून उतरताच आलं नाही. चौकशी झाली, चूक कोणाचीच निघाली नाही, आठवड्याने ते पुन्हा त्याच गाडीवर गेले. घरी त्यांनी एक अक्षर काढलं नव्हतं. सुमनताईंना हे फायरमनच्या बायकोकडून कळलं होतं.

मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या क्वार्टरवर गेले. ते बाजेवर बसले होते, रेखा बाजूला पाढे लिहीत होती. मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुमी काई चुकीचं नाही बोलल्या. सिनेमाचं बोलल्या तुमी." चहा झाला. पावसाचं, रेखाच्या शाळेचं बोलणं झालं. ते फाटकापर्यंत सोडायला आले आणि फाटकावर हात ठेवून उभे राहिले. मंडळात ते परत आले नाहीत.

इथे माझी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या व्याख्यानांचा मी एक लेख केला होता आणि सुमनताई येण्याच्या आधीच तो एका दिवाळी अंकाला पाठवला होता. ते वाक्य त्यात होतं, गाडीला कोणी चालवत नाही, ती कोणासाठी थांबत नाही. एक पत्र टाकून मला ते काढायला सांगता आलं असतं. मी दोन दिवस विचार केला आणि पत्र टाकलं नाही. वाक्य चांगलं होतं... लेख छापून आला, लोकांनी वाखाणला. पुंडलिकराव दिवाळी अंक कुठे वाचणार, अशी मी स्वतःची समजूत घातली.

जवळजवळ दोन वर्षं गेली. मंडळही तोवर निम्मं झालं होतं, घरोघरी टीव्ही आले होते. एका दुपारी कॉलेज सुटताना पुंडलिकराव फाटकाबाहेर उभे दिसले. केस बरेच पिकले होते. म्हणाले, "मॅडम, एक काम हाय. येता का माह्यासंगं एका गावाले?"

इंजिनासमोर आलेल्या त्या बाईची आई जिवंत होती आणि त्याच गावात एकटी राहत होती. बाईला मूलबाळ नव्हतं, नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं. पुंडलिकरावांना त्या म्हातारीला भेटायचं होतं. दोन वर्षं रोज त्या वळणावरून गाडी नेत होते आणि रोज ठरवत होते. सुमनताईंनी नको म्हटलं होतं, मार खाऊन याल म्हणाल्या होत्या. "मले बोलता नाही येनार तिच्यासमोर," ते म्हणाले. "तुमाले बोलता येते. तुमी चाला."

मला नाही म्हणता आलं असतं. पण त्या वाक्याचं ओझं मी दोन वर्षं वागवत होते, म्हणून गेले.

आम्ही छोट्या लाइनीच्याच पॅसेंजरने गेलो, लाकडी बाकांवर समोरासमोर बसून. पुंडलिकरावांना प्रवासी म्हणून बसवत नव्हतं. प्रत्येक झटक्याला त्यांचा उजवा हात आपोआप उचलला जायचा. वळण आलं तेव्हा त्यांनी मला सांगितलं नाही, पण मला कळलं, कारण ते खिडकीपासून सरकून आतल्या बाजूला बसले. गावाचं नाव मी लिहीत नाही. गाडीतून उतरून आम्ही कापसाच्या शेतांच्या कडेने अर्धा तास चाललो. म्हातारी ओट्यावर तूर निवडत बसली होती. मी आमची ओळख सांगायला सुरुवात केली, कॉलेज, अकोला, असं काहीबाही बोलायला लागले, आणि पुंडलिकरावांनी मला थांबवलं. ज्या माणसाला बोलता येणार नव्हतं तो सरळ खाली, मातीत बसला आणि म्हणाला, "माय, मी त्या गाडीचा डायवर होय."

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. ती ओरडेल, शिव्या देईल, असं वाटून मी अंग चोरून उभी होते. तिने डोळ्यांवर हात धरून त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "तू होता का पुढं? तुले दिसलं का?"

"हो."

"मंग मले एक सांग." ती पुढे सरकली. "तिच्या डोक्यावर भारा होता का?"

मला प्रश्न कळला नाही. पुंडलिकरावांना कळला असावा, त्यांचा चेहरा बदलला. म्हातारीच पुढे बोलली. गवताचा भारा रुळाच्या बाजूला सापडला होता, बांधलेला, जसाच्या तसा. गावातले काहीजण म्हणाले, धडकेने उडून पडला. काहीजण म्हणाले, तिने तो आधीच उतरवून ठेवला होता. सासरी तिला त्रास होता, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. "डोक्यावर होता तं घरी चालली होती ते," म्हातारी म्हणाली. "अन् उतरवून ठेवला असंन तं..." तिने सूप आणखी लांब सरकवलं. "दोन वर्स झाले, मी हेच इचार करून राहिली. आदल्या दिवशी आल्ती ते माह्याकडे. मी म्हनलं, जाय वापस, नवऱ्याचं घर हाय."

कोंबड्या तुरीत शिरल्या होत्या, त्यांना कोणी हाकललं नाही.

"होता," पुंडलिकराव म्हणाले. "डोक्यावरच होता, माय. हवा उलटी होती, तिले शिट्टी ऐकू नाही गेली. घरीच चालली होती ते."

म्हातारीने पदर तोंडाला लावला. रडली नाही ती. एक लांब श्वास सोडला. मग उठून तिने आम्हाला गूळ आणि पाणी दिलं. निघताना ती पुंडलिकरावांच्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "तुही चुकी नाही, बापू."

परतीच्या गाडीला वेळ होता. त्या हॉल्टवर फलाट असा नव्हताच, एक लिंबाचं झाड आणि सिमेंटचा बाक. आम्ही बाकावर बसलो. मला फार हलकं वाटत होतं. मी म्हणाले, "बरं झालं ना पुंडलिकराव, तुम्ही पाहिलं होतं ते. केवढं ओझं उतरलं तिचं."

ते रुळांकडे पाहत होते.

"मी काई नाही पाह्यलं, मॅडम."

मी त्यांच्याकडे वळले.

"वळनावर एकदम पुढं आली ते. मी शिट्टी दाबली, ब्रेक टाकला... अन् डोये मिटून घेतले. गाडी थांबेपर्यंत उघडलेच नाही मी." त्यांनी डोळे मिटले होते. गाडी चालवणाऱ्या माणसाने. "चौकशीत बी सांगतलं नाही मी हे. भारा होता का नोता, मले नाही मालूम." मग ते म्हणाले, "तुमचा लेख वाचला मी. आमच्या डायवर लोकाईच्या रनिंग रूममधी होता तो अंक. तुमी लिवलं, सिनेमावाल्यानं तिचं तोंड नाही दाखवलं म्हनून. म्या बी नाही पाह्यलं, मॅडम. त्याच्यात अन् माह्यात काई फरक नाही."

जन्मभर बोलण्याचाच पगार घेतला, पण त्या बाकावर मला एक शब्द सुचला नाही. लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली आणि आम्ही दोघं उठून उभे राहिलो.

त्यानंतर आगगाडीवरचं ते व्याख्यान मी कधीच दिलं नाही. लोक बोलवायचे, मी दुसरा विषय सांगायची. सिनेमे पाहणं काही सुटलं नाही. पण पडद्यावर गाडी आली, की ती कशाचं प्रतीक आहे हे सुचण्याआधी मला इंजिनात उभा असलेला माणूस दिसायला लागला. तो दाखवत नाहीत, तरी तो आहे, हे माहीत झालं. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत गाडी, पूल, खिडकी यांचे अर्थ पानंच्या पानं लिहिलेले असतात. ते तपासताना मला दमायला व्हायचं. चूक नव्हतं त्यात काही. मीच त्यांना तसं शिकवलं होतं.

पुंडलिकराव मात्र त्या म्हातारीकडे दर वर्षी जात राहिले. दिवाळीनंतर, भावाच्या बागेतली वांगी आणि अंबाडी घेऊन. मी एकदा विचारलं, अजून कशाला जाता? "एक डाव बोललो ना, आता सांभाळा लागते ते," ते म्हणाले. प्रत्येक वर्षी ती त्यांच्याकडून तीच हकिकत ऐकायची. हवा उलटी होती. भारा डोक्यावर होता. ती घरी चालली होती. म्हातारी गेली त्या वर्षी ते मला म्हणाले होते, "मॅडम, आता मलेच खरं वाटते ते. भारा दिसते मले. हिरवा. सुताच्या दोरीनं बांधेल." त्यांना त्याने बरं वाटत होतं की वाईट, हे मला कधी विचारता आलं नाही.

मी निवृत्त होऊन अमरावतीला आले. त्यांची वाफेची इंजिनं गेली, मग ते निवृत्त झाले, मग छोटी लाइनही बंद झाली, रूळ उखडले. सुमनताई गेल्या. इंजिनाच्या आवाजाने पुंडलिकरावांचे कान पार गेले होते. तिवशाला भावाकडे जाताना ते वाटेत माझ्याकडे उतरायचे, भाजीची पिशवी स्वयंपाकघरात ठेवायचे आणि आम्ही टीव्हीवर एखादा जुना सिनेमा लावायचो. आवाज ऐकू येत नसल्यामुळे त्यांना मुका सिनेमाच दिसायचा. मी मध्ये मध्ये मोठ्याने सांगायची, "तो म्हणतोय, परत येईन." ते मान डोलवायचे. "नाही येत तो. तोंडावरून दिसून राहिलं." बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं. दोन म्हातारी माणसं दुपारी अर्धवट झोपेत सिनेमा पाहायची, मग चहा, मग मी त्यांना बस स्टँडची रिक्षा करून द्यायची. शेवटच्या काही महिन्यांत तेही झालं नाही. फोनवर त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून रेखा मधे बसून दोघांचं बोलणं इकडून तिकडे पोचवायची.

तिसऱ्या दिवशी मी अकोल्याला गेले तेव्हा घरात फार माणसं नव्हती. रेखा आता पन्नाशीची आहे, शाळेत शिकवते. दुपारी सगळे आडवे झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला ते सगळं सांगितलं. तिला वळणावरची हकिकत माहीत होती, म्हातारीची माहीत होती. मिटलेल्या डोळ्यांचं माहीत नव्हतं. ती कितीतरी वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिली. मी म्हणाले, हे कुठे लिहिणार नाही मी. ती म्हणाली, "लिवा मावशी. बाबा म्हनत ना, सिनेमात डायवर नाही रायत. तुमी लिवा." मग म्हणाली, "पन नीट लिवा."

संध्याकाळी ती मला स्टेशनवर सोडायला आली. मी नको म्हणत होते, घरात सुतक, पाहुणे, ती स्वतः दोन रात्री झोपलेली नाही. तिने ऐकलं नाही. फलाटावर उभी असताना तिने मला एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आली नव्हती. निवृत्तीनंतर पुंडलिकराव कोणालाही सोडायला स्टेशनवर गेले, की माणूस दिसेनासा झाला तरी हलायचे नाहीत. सगळी गाडी जाऊ द्यायचे. शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा पुढे जाईपर्यंत थांबायचे. घरचे कंटाळायचे, चला म्हणायचे. ते म्हणायचे, "चाळीस वर्स इंजिनावर काढले, माह्या गाडीचा शेवटचा डबा मले कधी दिसला नाही. पाहू द्या आता."

मला ते अकोल्याच्या फलाटावर कितीदा सोडायला आले होते. मी खिडकीतून हात हलवायची, ते दिसेनासे झाले की पुस्तक उघडायची. मागे ते किती वेळ उभे राहत होते, मला कधी कळलं नाही.

गाडी आली. रेखाने मला बसवून दिलं, पाण्याची बाटली दिली, उतरताना जपून उतरा म्हणाली. गाडी सुटली. मी या वेळी पुस्तक काढलं नाही. खिडकीच्या गजाला गाल लावून मागे पाहत राहिले, पण डबा पुढचा होता, फलाट लगेच संपला, आणि काही दिसेना. बाहेर कापूस निघून गेलेली शेतं होती, काळी. दोनेक मिनिटांनी फोन वाजला. मी पर्समधून तो काढला.

"मावशी," रेखा म्हणाली. तिचा आवाज रडून घोगरा झाला होता. "गाडी गेली पुरी. दिवा दिसला. आता जातो मी घरी."